कृष्णविवर की कृष्णविवराचा तोतया?

२०२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले आणि ‘कृष्णविवरांच्या संशोधनाला नोबेल’ अशा अर्थाच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. बातमी चुकीची नव्हती. पण पारितोषिक समितीने जाहीर केलेला मजकूर शब्द मोजून वाचला, तर एक मजेदार फरक ध्यानात येतो. रॉजर पेनरोझ यांच्या नावापुढे ‘कृष्णविवर’ हा शब्द आहे, कारण आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून कृष्णविवर अपरिहार्यपणे निघते हे त्यांनी १९६५ मध्ये गणिताने दाखवले होते. राइनहार्ट गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांनी मात्र आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती गरगरणारे तारे वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि त्या ताऱ्यांना फिरवणारे, सुमारे चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचे काहीतरी तिथे बसले आहे हे सिद्ध केले. त्यांच्या नावापुढे ‘कृष्णविवर’ नाही. तिथे ‘अतिप्रचंड वस्तुमानाची घट्ट वस्तू’ अशा अर्थाचे शब्द आहेत.

कागद वाचण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या बँकवाल्याला हा फरक फार आवडला. कागदावर निघते ते कृष्णविवर. आकाशात सापडली ती घट्ट वस्तू. त्या दोन्ही एकच आहेत असे बहुतेक सगळ्या शास्त्रज्ञांना वाटते, आणि मलाही वाटते. पण ‘वाटते’ आणि ‘आहे’ यांच्यामधल्या चिंचोळ्या गल्लीत गेली काही वर्षे जे काम चालले आहे त्याची गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी आलेली नाही. खरे तर ती आपल्याकडे आधी यायला हवी. एक तर त्या कामात पुण्या-मुंबईच्या संस्थांचा हात आहे. आणि दुसरे म्हणजे, धर्माबादहून नांदेड, नांदेडहून वसमत करत निघाले तर दुपारच्या आत जिथे पोचता येईल त्या औंढा नागनाथला याच कामाचे एक मोठे यंत्र उभे राहायचे आहे.

‘कृष्णविवर’ हा शब्द मराठी घरांत पोचवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी जयंत नारळीकरांचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाने नव्हे. आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मगच जगताप कोण ते कळले. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. कृष्णविवरावरची कथा एका तोतया लेखकाच्या नावाने आली, ही गोष्ट आज आठवण्याचे कारण पुढे कळेल.

आधी कृष्णविवर म्हणजे काय ते थोडक्यात. पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो. तेच वस्तुमान दाबत दाबत लहान केले तर हा वेग वाढत जातो. सूर्य तीन किलोमीटर त्रिज्येच्या आत कोंबला, तर त्याच्यापासून प्रकाशही सुटणार नाही. ज्या सीमेच्या आतून काहीच परत येत नाही तिला घटनाक्षितिज म्हणतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. क्षितिज म्हणजे कवच नव्हे, भिंत नव्हे, पृष्ठभाग नव्हे. गावाची शीव ओलांडताना पायाला जसे काही लागत नाही, तसे ते ओलांडताना काही लागत नाही. फक्त परतीची वाट नसते.

आता अडचण अशी, की जिथून काहीच येत नाही ती जागा पाहायची कशी? दिसत नाही म्हणून ते कृष्णविवर, हा युक्तिवाद चालणार नाही. अंधाऱ्या खोलीत मांजर दिसले नाही म्हणून तिथे काळे मांजर आहे असे ठरत नाही.

आणि शंका घ्यायला कारणेही आहेत. गणिताप्रमाणे क्षितिजाच्या आत पदार्थ चिरडत जातो आणि शेवटी घनता अनंत होते. गणितात ‘अनंत’ आले की शास्त्रज्ञांना आपला सिद्धान्त तिथे अपुरा पडतोय अशी शंका येते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि त्यांच्या शाखेचे संशोधक म्हणतात की पुंज सिद्धान्त लावला तर हे अनंत नाहीसे होते. शिवाय स्टीफन हॉकिंगने १९७० च्या दशकात दाखवले की कृष्णविवर अतिशय हळूहळू विरत जाते. मग त्यात पडलेल्या वस्तूंचा सारा तपशील जातो कुठे, हा वाद अजून मिटलेला नाही. या अडचणींतून सुटण्यासाठी काहींनी वेगळ्याच वस्तू सुचवल्या. सत्येंद्रनाथ बोसांच्या नावावरून ज्यांना बोसॉन म्हणतात त्या जातीच्या कणांचा बनलेला, प्रकाश न देणारा ‘बोसॉन तारा’ १९६० च्या दशकाच्या अखेरीस कागदावर आला. २००१ मध्ये माझूर आणि मोटोला या दोघांनी ‘ग्रॅव्हास्टार’ मांडला: आत पोकळीची ऊर्जा, बाहेर पातळ कवच, क्षितिज मुळीच नाही. अमेरिकेत काम करणारे समीर माथुर म्हणतात की आत पोकळी नसून सूक्ष्म तंतूंचा गुंता आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले पंकज जोशी यांनी तर गणिताने दाखवले की काही परिस्थितीत तारा कोसळताना क्षितिजाचा पडदा पडतच नाही आणि तो अनंत घनतेचा बिंदू उघडा राहतो.

इंग्रजीत या सगळ्या वस्तूंना मिळून नकलाकार अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द तयार आहे: तोतया.

पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानले नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक मनुष्य उत्तरेकडे उपटला. रूप पुष्कळसे जुळत होते म्हणतात. दुरून पाहणाऱ्याला पटेल असे सगळे त्याच्यापाशी होते. पुण्याच्या कारभाऱ्यांनी त्याला पकडून चौकशी केली, घरच्या माणसालाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी विचारल्या, आणि तिथे तो उघडा पडला. एवढे होऊनही लोकांचा विश्वास गेला नाही; कैदेतून सुटल्यावर त्याच्यामागे माणसे गोळा झाली, बंड झाले, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले ते त्यामुळेच.

आकाशातल्या तोतयाची चौकशीही याच रीतीने करावी लागते. वजन जुळते, आकार जुळतो, अंधार जुळतो. एवढ्यावर थांबायचे नाही. घरातला प्रश्न विचारायचा.

पहिला प्रश्न असा: तुला पृष्ठभाग आहे का? न्यूट्रॉन तारा ही दहा-बारा किलोमीटर त्रिज्येची घट्ट वस्तू असते, पण तिला पृष्ठभाग असतो. शेजारच्या ताऱ्याकडून ओढून घेतलेला वायू त्या पृष्ठभागावर साचतो, तापतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी एकदम भडकतो. या भडक्याचे क्ष-किरण आपल्याला दिसतात. आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहानेही अशा भडक्यांच्या नोंदी घेतल्या आहेत. तो २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडला गेला आणि त्यावरचे क्ष-किरण मोजणारे मोठे उपकरण मुंबईच्या टाटा संस्थेत तयार झाले. आता ज्या वस्तू तीन सूर्यांहून जड आहेत, ज्यांना आपण कृष्णविवरे म्हणतो, त्यांच्यावरही वायू असाच पडत असतो. पण तिथे असा भडका उडालेला आजवर कोणी पाहिलेला नाही. रमेश नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ पासून हा मुद्दा लावून धरला आहे. पडणारा माल कोठारात साचतच नाही, याचा अर्थ कोठाराला तळ नसावा.

मुद्दा भक्कम आहे, पण तोतयाचा वकील हुशार असतो. तो म्हणतो, पृष्ठभाग आहे, पण क्षितिज जिथे झाले असते त्याला इतका चिकटून आहे की त्यावरचा उजेड बाहेर येईपर्यंत पार मंदावतो.

मग छायाचित्र काढावे, असे कोणीही म्हणेल. ते काढलेही. पृथ्वीभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्राचे चित्र १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झाले: साडेसहा अब्ज सूर्यांची वस्तू, साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर, भोवती नारिंगी कडे आणि मध्ये काळोख. १२ मे २०२२ रोजी आपल्याच आकाशगंगेच्या केंद्राचे तसेच चित्र आले. ते चित्र पाहून मीही भारावलो होतो. पण त्या चित्रातला काळोख म्हणजे क्षितिज नव्हे. प्रकाशाला वळवून फिरवत ठेवणारा एक घेर क्षितिजाच्या बराच बाहेर असतो, आणि ती त्याची सावली आहे. आतली वस्तू त्या घेरापेक्षा लहान असली म्हणजे झाले. तिला क्षितिज असो वा नसो, सावली जवळजवळ तशीच पडते. काही तोतये या चित्रांनी बाद झाले, सगळे झाले नाहीत.

आमच्या धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीचा व्यवहार मोठा. तिखटात विटेची भुकटी मिसळली आहे का, हे रंगावरून कळत नाही. उलट भेसळीचा रंगच जास्त लाल दिसतो. चिमूटभर तिखट पाण्याच्या पेल्यात सोडले की भुकटी तळाशी बसते. डोळ्यांनी पाहणे संपते आणि वस्तूला काहीतरी करून पाहणे सुरू होते, तिथे परीक्षेला खरा रंग चढतो. माठ घेताना आपल्या आया-बहिणी काय करतात? डोळ्यांनी तडा दिसला नाही तरी बोटाच्या पेराने टिचकी मारतात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत.

कृष्णविवराला टिचकी मारायची कल्पना एका भारतीयाची आहे. सी. व्ही. विश्वेश्वरा हे बंगळूरचे. अमेरिकेत असताना त्यांनी गणिताने एक प्रयोग केला: कृष्णविवरावर गुरुत्वीय लहरींचा झोत सोडला तर काय होईल? १९७० मध्ये त्यांनी दाखवले की कृष्णविवर घंटेसारखे थरारते आणि थरार झपाट्याने विरतो; त्याचा सूर काय असेल ते फक्त कृष्णविवरावर ठरते, टिचकी कशी मारली त्यावर नाही. त्या वेळी ही निव्वळ कागदावरची करमणूक वाटली असेल. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या दोन यंत्रांनी दोन घट्ट वस्तूंच्या मिलनाची लहर पकडली तेव्हा शेवटच्या काही सहस्रांश सेकंदांत तोच थरार होता. विश्वेश्वरा जानेवारी २०१७ मध्ये गेले. म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी कागदावर वाजवलेली घंटा वाजल्याची बातमी त्यांच्या कानांवर आली होती. शास्त्रज्ञांच्या नशिबी असे क्वचितच येते.

त्या पहिल्या लहरीचे आकडे पुन्हा सांगण्यासारखे आहेत. साधारण ३६ आणि २९ सूर्यांच्या दोन वस्तू, १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, एकमेकींभोवती फिरत एक झाल्या आणि ६२ सूर्यांची एक वस्तू उरली. हिशेबातले तीन सूर्य लहरींच्या रूपाने उधळले गेले. ती लहर आपल्यापर्यंत आली तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या नळीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होता. अशी लहर यंत्राच्या गोंगाटातून वेचून काढण्याच्या ज्या पद्धती आहेत त्यांचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. हे काम १९९० च्या आसपास सुरू झाले, तेव्हा लायगोची इमारतही उभी नव्हती.

पण एवढ्याने तोतया पकडला गेला का? नाही. घंटेचा एक सूर ऐकून तिचे वजन आणि गिरकी काढता येते. खरी परीक्षा दुसऱ्या सुराची. १९६३ मध्ये रॉय केर याने फिरत्या कृष्णविवराचे गणित मांडले, त्याप्रमाणे वजन आणि गिरकी एवढे दोन आकडे कळले की बाकी सर्व ठरून जाते. तिसरा आकडा विद्युतभाराचा, पण तो आकाशात नगण्य. कृष्णविवराचे खाते हे असे आहे. जन्माचा दाखला नाही, मागील शिल्लक नाही, कशापासून झाले याची नोंद नाही, दोन आकडे आणि खाते बंद. म्हणून पहिल्या सुरावरून आलेल्या दोन आकड्यांतून दुसरा सूर काय असायला हवा हे आधीच सांगता येते. तो जुळला नाही, तर समोरचा तोतया.

१४ जानेवारी २०२५ रोजी जी लहर आली ती पहिल्या लहरीची जणू जुळी बहीण होती. वजने आणि अंतर जवळपास तेच. पण दहा वर्षांत यंत्रे इतकी सुधारली होती की ती सुमारे तिप्पट स्पष्ट ऐकू आली. सप्टेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: दोन सूर वेगळे काढता आले आणि केरच्या गणिताशी जुळले. हॉकिंगने १९७१ मध्ये सांगितलेला नियमही याच लहरीवर कसून तपासला गेला. दोन कृष्णविवरे एक झाली तर क्षितिजाचे क्षेत्रफळ एकूण बेरजेपेक्षा कमी होता कामा नये, असा तो नियम. आधी दोघांचे मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, नंतर एकाचे सुमारे ४ लाख. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार आहे. म्हणजे आधी आपल्या राज्यापेक्षा कमी, नंतर जास्त.

घंटा वाजण्यापूर्वीही चौकशी करता येते, आणि त्यात आपल्या मुलामुलींचे काम आहे. फिरणारी वस्तू मध्ये फुगते. पृथ्वीही थोडी फुगली आहे. कृष्णविवर किती फुगावे याचे माप वजन आणि गिरकी यांनी पक्के बांधलेले आहे; बोसॉन तारा त्याच गिरकीला कितीतरी पट जास्त फुगतो. एन. व्ही. कृष्णेंदू, के. जी. अरुण आणि चंद्रकांत मिश्रा यांनी २०१७ मध्ये दाखवले की दोन वस्तू एकमेकींभोवती फिरताना निघणाऱ्या लहरींतून हा फुगवटा मोजता येईल.

दुसरी परीक्षा भरती-ओहोटीची. मराठवाड्याला समुद्र नाही, पण चंद्रामुळे पृथ्वीवर भरती येते, पाणी घासते, आणि त्या घासण्यात ऊर्जा खर्च होऊन चंद्र वर्षाला सुमारे पावणेचार सेंटिमीटर दूर सरकतो, हे आपण वाचलेले असते. दोन कृष्णविवरे जवळ आली तर त्यांच्यातही असेच होते: थोड्या लहरी क्षितिजाच्या आत गडप होतात आणि त्याचा परिणाम फेऱ्यांच्या वेगावर पडतो. क्षितिज नसेल तर गडप होणार कशात? तिथला हिशेब जुळणार नाही. आयुकातले सायक दत्ता आणि सुकांत बोस यांनी इतर सहकाऱ्यांसह २०१९-२० मध्ये हा मार्ग तपशिलाने मांडला. त्याचा पुरता उपयोग अंतराळात सोडल्या जाणाऱ्या ‘लिसा’ या युरोपीय वेधशाळेला होईल. तिचे उड्डाण २०३५ च्या सुमारास ठरले आहे. तोपर्यंत वाट पाहायची.

या वाट पाहण्यावरून एक प्रकरण आठवते. डिसेंबर २०१६ मध्ये तिघा संशोधकांनी लिहिले की लायगोच्या लहरींमागून काही दशांश सेकंदांनी क्षीण प्रतिध्वनी येताना दिसतात. प्रतिध्वनी यायला भिंत लागते. विहिरीत तोंड घालून हाक मारली तर तळ असेल तरच ती परत येते. म्हणजे क्षितिजाच्या जागी भिंत! जगभर चर्चा झाली. त्यांनी पुरावा पक्का असल्याचा दावा केला नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. नंतर इतरांनी तीच नोंद पुन्हा तपासली तेव्हा तो प्रतिध्वनी गोंगाटातून वेगळा ठरत नाही असे आढळले, आणि त्यानंतरच्या लहरींतही तो सापडलेला नाही. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी हळहळ वाटते, कारण कथेत तोतयाच जास्त रंगतो. पण आकाशाला कथानकाची पर्वा नाही.

उलट बाजूचेही एक उदाहरण द्यायला हवे. २१ मे २०१९ ची लहर फार आखूड होती. ८५ आणि ६६ सूर्यांच्या दोन कृष्णविवरांतून १४२ सूर्यांचे एक झाले, असा तिचा अर्थ लावला गेला. २०२१ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवले की दोन बोसॉन ताऱ्यांसारख्या वस्तू एकमेकींवर आदळल्या असे मानले तरी तीच लहर मिळते. लहर इतकी तोकडी की दोन्ही अर्थ तिच्यात मावतात. निकाल लागलेला नाही. मला हे प्रकरण सर्वांत बोलके वाटते. सुमारे ३०० लहरी नोंदल्या गेल्यावरही वहीत असा एक शेरा राखून ठेवलेला आहे.

इथे माझे म्हणणे सरळ मांडतो. क्षितिज कधीही ‘दाखवता’ येणार नाही. जे व्याख्येनेच अदृश्य, त्याचा थेट पुरावा नसतो. करता येते ते एवढेच, की प्रत्येक नव्या लहरीबरोबर तोतयाला उभे राहायची जागा कमी करायची. बँकेत सही जुळते असा शेरा मारणारा अधिकारी ‘ही सही याच माणसाची’ असे म्हणत नसतो. नमुन्याशी ताडून फरक आढळला नाही, एवढेच म्हणतो. व्यवहार तेवढ्यावर चालतो. पण तो दोन शेऱ्यांतला फरक ज्या शाखेत विसरला जातो तिथे पुढे काय होते ते मला ठाऊक आहे.

लायगोच्या मंडळींनी स्वतःलाही अशी परीक्षा लावली होती. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या माणसांनी गुपचूप यंत्रांत एक खोटी लहर घातली. बाकी शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने खपून तिचा अभ्यास केला, निबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये सर्वांसमोर लखोटा उघडला आणि ती मुद्दाम पेरलेली नक्कल असल्याचे जाहीर झाले. ती नक्कल त्यांनी नीट पकडून तोलली होती, म्हणून पाच वर्षांनी खरी आली तेव्हा शब्दाला वजन आले. अचानक येणाऱ्या तपासणीची चीड मी पुष्कळ पाहिली आहे. अशी स्वतःहून मागवलेली तपासणी पाहिली नव्हती.

आता औंढा. पहिल्या लहरीची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली आणि त्याच आठवड्यात, १७ तारखेला, केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. संपूर्ण मंजुरी मिळायला एप्रिल २०२३ उजाडले. खर्च २६०० कोटी रुपये. मंजुरीच्या वेळी २०३० हे वर्ष सांगण्यात आले. सात वर्षे कागदात गेली. या सात वर्षांत अमेरिकेतली यंत्रे सुधारली, इटलीतले आणि जपानमधले यंत्र त्यांना येऊन मिळाले, आणि दुधाळ्याच्या माळावर आपण कुंपण घालत होतो. याबद्दल कोणी कोणाला विचारले नाही. मराठवाड्यातल्या लोकांना वाट पाहण्याची सवय आहे, रेल्वेपासून पाण्यापर्यंत; ती सवय सरकारला सोयीची पडते.

आमच्या भागात या प्रकल्पाबद्दल दोन तऱ्हेने बोलले जाते. एक म्हणतात, दुष्काळाच्या मुलखात २६०० कोटींच्या नळ्या कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘रोजगार येईल, पर्यटन वाढेल’ असे उत्तर देणे मला पटत नाही; ते उत्तर खोटे पडले की माणसे विज्ञानावरच चिडतील. तिथे मोठा कारखाना नाही, मोजकी माणसे काम करतील. दुसरे म्हणतात, नागनाथाच्या ज्योतिर्लिंगापाशीच ही जागा निवडली यात संकेत आहे. मंदिराबद्दल मला आदर आहे. पण जागा निवडली गेली ती जमीन सपाट आणि शांत म्हणून. श्रद्धेला भौतिकशास्त्राचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि भौतिकशास्त्रालाही श्रद्धेचे नको.

मग खर्च कशासाठी? जगाच्या या बाजूला यंत्र असले की लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली ते कितीतरी नेमके कळते आणि तिची धाटणी वेगळ्या कोनातून मोजता येते. सध्या दोन अमेरिकी यंत्रांचे कान जवळजवळ एकाच दिशेला लावलेले आहेत. चौकशीत वेगळ्या जागी उभा असलेला साक्षीदार किती मोलाचा असतो हे वेगळे सांगायला नको. २१ मे २०१९ सारखी आखूड, दुहेरी अर्थाची लहर पुन्हा आली, तर औंढ्याची साक्ष उपयोगी पडेल.

त्यासाठी शेजारधर्म मात्र आपल्याला पाळावा लागेल. अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला जवळून जाणारी मालगाडी आणि जंगलातली लाकूडतोड यांचा त्रास होतो. औंढ्याच्या आसपास खडीची खाण, सुरुंग, अवजड वाहतूक यांना परवानगी देताना ग्रामपंचायतीपासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला हे माहीत असले पाहिजे. कागदावर नियम असणे आणि रात्री दोन वाजता सुरुंग न उडणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि यंत्र उभे राहीपर्यंत थांबायचेही कारण नाही. लायगोच्या लहरींच्या नोंदी ठरावीक काळाने सर्वांसाठी खुल्या केल्या जातात. पैसे पडत नाहीत, शिफारस लागत नाही. त्या तपासण्याची साधनेही फुकट मिळतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्राची पदवी घेणारी मुले अजून तीच ती लंबकाची वही पूर्ण करतात, तपासनिसाची सही घेतात आणि विसरतात. त्या वहीत एक प्रयोग वाढवावा: १४ सप्टेंबर २०१५ ची नोंद घ्यायची, गोंगाट गाळायचा, आणि एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात चढत जाणारा तो सूर स्वतः काढून दाखवायचा. साधा संगणक पुरतो, एक दुपार पुरते. धर्माबादच्या महाविद्यालयात हे पुढच्या सत्रापासून सुरू करता येईल. त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही.